'राष्ट्रपतींच्या आदेशानुसार व नावाने': सही कोणाची, निर्णय कोणाचा?

टाचणी

एकतीस वर्षं राज्य सरकारच्या नोकरीत काढली. शासन निर्णयाच्या शेवटी एक ओळ असते, ती मी किती वेळा टंकली असेल त्याला गणतीच नाही: 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने.' खाली सही असायची अवर सचिवांची, कधी कक्ष अधिकाऱ्यांची. राज्यपालांच्या नजरेखालून तो कागद कधी गेलेला नसायचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटायचं नाही.

मागच्या महिन्यात भाचीला केंद्र सरकारची नोकरी लागली. तिच्या आदेशावर तशीच ओळ, फक्त राज्यपालांच्या जागी राष्ट्रपती. तिने विचारलं, "मावशी, हे खरंच त्यांच्यापर्यंत जातं का गं?" नाही म्हणून सांगितलं. मग तिचा पुढचा प्रश्न, "मग त्यांच्यापर्यंत जातं काय?" इथे मी अडले.

घटनेत लिहिलंय की संघराज्याचा कार्यकारी अधिकार राष्ट्रपतींच्या ठायी आहे. दुसरीकडे आपण लहानपणापासून ऐकतो की ते पद केवळ मानाचं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? प्रत्यक्षात फाईल कुठून कुठे जाते आणि राष्ट्रपतींच्या टेबलावर आल्यावर ते काय करू शकतात, हे जाणकारांनी सांगावं. पक्षांची भांडणं इथे नकोत, ती करायला दुसरे धागे आहेत.

कोरी_पाटी

ताई, परीक्षेसाठी आम्ही पाठ करतो ते असं. कलम ५३: कार्यकारी अधिकार राष्ट्रपतींकडे, ते स्वतः किंवा हाताखालच्या अधिकाऱ्यांमार्फत वापरतील. कलम ७४: साहाय्य आणि सल्ला द्यायला मंत्रिपरिषद. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने 'त्या सल्ल्यानुसारच वागतील' असं स्पष्ट घातलं. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने त्यात भर पडली: राष्ट्रपती सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, पण फेरविचारानंतर जो सल्ला येईल तो बंधनकारक. कलम ७७: सगळी कार्यकारी कृती राष्ट्रपतींच्या नावाने.

म्हणजे तुमची ती ओळ कलम ७७ची. राज्यांसाठी तेच कलम १६६मध्ये आहे. उत्तरपत्रिकेत एवढं लिहिलं की गुण मिळतात, पण भाचीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात नाही हे मलाही कळतंय.

काळाकोट

कलम ७७ला एक तिसरा भाग आहे, तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, आणि अख्खं सरकार त्यावर चालतं. राष्ट्रपतींनी सरकारचं काम सोयीने व्हावं आणि मंत्र्यांमध्ये वाटलं जावं यासाठी नियम करायचे, असं तिथे म्हटलंय. त्यातून १९६१ साली दोन नियमावल्या आल्या. एकीत कुठला विषय कुठल्या मंत्रालयाचा याची वाटणी. दुसरी कार्यनियमावली: कुठला निर्णय मंत्री स्वतः घेऊ शकतो, कुठल्यासाठी दुसऱ्या खात्याचं मत लागतं, काय मंत्रिमंडळाच्या समितीपुढे जातं, काय पूर्ण मंत्रिमंडळापुढे. टाचणीताईंना आपल्या राज्याची कार्यनियमावली माहीत असेलच, धाटणी तीच.

मोठ्या निर्णयाचा प्रवास साधारण असा: खात्यात टिप्पणी तयार होते, ती संबंधित मंत्रालयांकडे फिरते, पैशाचा प्रश्न असेल तर अर्थ मंत्रालय बघतं, कायद्याचा असेल तर विधी मंत्रालय, मग मंत्रिमंडळ सचिवालयामार्फत विषयपत्रिकेवर. मंत्रिमंडळाने मान्य केल्यावर त्यातले ठरावीक प्रकारच राष्ट्रपतींपर्यंत जातात: अध्यादेश, संसदेने मंजूर केलेली विधेयकं, राष्ट्रपती राजवट, दयेचे अर्ज, न्यायाधीशांच्या आणि घटनात्मक पदांच्या नेमणुका असे. बाकी हजारो आदेश त्यांच्या नावाने निघतात आणि त्यांना ते ठाऊक असण्याची अपेक्षाही नाही. केंद्र सरकारचे करारसुद्धा कलम २९९प्रमाणे राष्ट्रपतींच्या नावाने होतात, पण त्यासाठी ते व्यक्तिशः जबाबदार नसतात. माझ्याकडे रेल्वेच्या ठेकेदारांची प्रकरणं येतात, त्यांच्या करारावर पहिला पक्ष म्हणून 'भारताचे राष्ट्रपती' वाचून नवखे अशील दचकतात.

अधिकार त्यांचा, निर्णय मंत्र्यांचा. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ला घटनेचा मसुदा मांडतानाच हे सांगून ठेवलं होतं: राष्ट्रपतींचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं, ते राष्ट्राचे प्रमुख आहेत, कार्यकारी मंडळाचे नाहीत.

तरी पहिल्याच राष्ट्रपतींना हे पुरतं पटलं नव्हतं. हिंदू कोड बिलाच्या वेळी, १९५१मध्ये, राजेंद्रप्रसादांनी नेहरूंना कळवलं की या विधेयकावर आपल्याला स्वतःच्या विवेकाने निर्णय घ्यायचा आहे. नेहरूंनी महान्यायवादी सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचं मत मागवलं. दोघांनी सांगितलं, राष्ट्रपती सल्ल्याने बांधलेले आहेत. राजेंद्रबाबूंनी त्यापुढे ताणलं नाही. पण १९६०मध्ये एका जाहीर भाषणात त्यांनी तोच प्रश्न अभ्यासकांपुढे पुन्हा ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने १९७४मध्ये शमशेर सिंग खटल्यात तो निकालात काढला, आणि दोन वर्षांनी घटनादुरुस्तीने शब्दच बदलले.

दूरदेशी

मी अमेरिकेत असतो, इथल्या लोकांना हे समजावताना माझी फार ओढाताण होते. त्यांच्या घटनेतलं दुसरं कलम सुरू होतं तेच कार्यकारी अधिकार राष्ट्राध्यक्षाच्या ठायी आहे असं सांगून, जवळपास आपल्या कलम ५३सारखं. पण तिथे त्या वाक्याचा अर्थ अक्षरशः घ्यायचा. मंत्री त्याने नेमलेले, सिनेटने मान्य केलेले, काँग्रेसचे सदस्य असता कामा नये. ते सल्ला देतात, तो मानायचा की नाही हे तो ठरवतो. विधेयक नाकारलं तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं जमवल्याशिवाय ते कायदा होत नाही.

त्याला अडवतं ते मंत्रिमंडळ नव्हे, न्यायालय आणि काँग्रेस. १९५२मध्ये कोरियाचं युद्ध चालू असताना ट्रूमन यांनी संप टाळायला पोलाद कारखाने ताब्यात घेण्याचा आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांच्या आत तो रद्द केला: कायदा करणं काँग्रेसचं काम, तुमचं नाही.

शब्द सारखे, पण यंत्रं वेगळी. आपल्याकडे तो अडवणारा खिळा सरकारच्या आतच ठोकलाय, मंत्रिपरिषदेच्या रूपाने.

टाचणी

सगळ्यांचे आभार. काळाकोट, तुमच्या प्रतिसादामुळे डोक्यातली बरीच जळमटं निघाली. पण मग शंका उरतेच. सही करावीच लागत असेल तर ती सही घ्यायची कशाला? एखादा सचिव करेल.

जुनापेपर

ताई, हा प्रश्न मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. माझं उत्तर असं की सहीत काही नाही, सहीच्या आधी जो वेळ आहे त्यात सगळं आहे.

के. आर. नारायणन यांचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर १९९७. उत्तर प्रदेशात कल्याणसिंगांनी विधानसभेत मारामारीच्या गदारोळात बहुमत सिद्ध केलं होतं. राज्यपालांनी राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली, गुजराल मंत्रिमंडळाने ती उचलून धरली आणि कागद राष्ट्रपतींकडे गेला. नारायणन यांनी तो परत पाठवला. नकार दिला नाही, नकार द्यायचा अधिकारच नाही. फक्त म्हटलं, पुन्हा विचार करा. सर्वोच्च न्यायालयाचा १९९४चा बोम्मई निकाल ताजा होता, बहुमताचा फैसला सभागृहात व्हायला हवा हे त्यात स्पष्ट होतं. मंत्रिमंडळाला तोच कागद दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा पाठवता आला असता आणि नारायणन यांना सही करणं भाग होतं. मंत्रिमंडळाने विषयच सोडून दिला.

पुढच्या वर्षी सरकार वाजपेयींचं, राज्य बिहारचं. राष्ट्रपतींनी तेच केलं, कागद परत. त्या वेळीही सरकारने तूर्त माघार घेतली. फेब्रुवारी १९९९मध्ये बिहारमध्ये दलितांच्या हत्याकांडांनंतर पुन्हा शिफारस आली, तेव्हा त्यांनी सही केली. राज्यसभेत बहुमत मिळण्याची चिन्हं दिसेनात म्हणून मार्चमध्ये ती राजवट मागे घ्यावी लागली, ती गोष्ट निराळी. दोन वेगळी सरकारं, राष्ट्रपती एकच आणि मोजपट्टी एकच. त्या माणसाबद्दल मला आजही अतोनात आदर आहे.

अब्दुल कलाम यांनी मे २००६मध्ये लाभाच्या पदांचं विधेयक परत पाठवलं. कुठली सरकारी पदं घेतली तरी खासदारकी जाणार नाही, हे ठरवणारं ते विधेयक. संसदेने ते तसंच पुन्हा मंजूर केलं आणि ऑगस्टमध्ये त्यांनी सही केली. यात कलाम हरले असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. लाभाचं पद म्हणजे नक्की कुठलं, कोणते निकष, हा प्रश्न देशाने अडीच महिने चघळला, संसदेला त्यावर संयुक्त समिती नेमावी लागली.

आणि २०१३. दोषी ठरलेल्या खासदार-आमदारांना वाचवणारा अध्यादेश मंत्रिमंडळाने प्रणव मुखर्जींकडे पाठवला. त्यांनी परतही पाठवला नाही. गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे आणि कायदामंत्री कपिल सिब्बल यांना बोलावून घेतलं आणि विचारलं की याची एवढी घाई का. त्यानंतर सत्ताधारी पक्षातूनच जाहीर विरोध झाला आणि २ ऑक्टोबरला मंत्रिमंडळाने अध्यादेश मागे घेतला.

कोरी_पाटी

मुखर्जींनी मंत्र्यांना बोलावलं ते कलम ७८खाली ना? निर्णय राष्ट्रपतींना कळवणं आणि त्यांनी मागितलेली माहिती देणं हे पंतप्रधानांचं कर्तव्य. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, आमच्या वर्गात कुणी त्यावर थांबलंच नव्हतं. एखाद्या मंत्र्याने एकट्याने घेतलेला निर्णय मंत्रिपरिषदेपुढे ठेवा, असं राष्ट्रपती सांगू शकतात.

काळाकोट

बरोबर. आणि हे कलम कधी मोडकळीला येतं तेही पाहून ठेव. १९८७मध्ये झैलसिंग आणि राजीव गांधी यांच्यातला वाद याच मुद्द्यावर चव्हाट्यावर आला: मला माहिती दिली जात नाही, अशी राष्ट्रपतींची तक्रार. विचारण्याचा अधिकार आहे, पण उत्तर मिळालं नाही तर राष्ट्रपती कुणाकडे दाद मागणार? त्याला घटनेत सोय नाही.

टाचणी

जुनापेपर, तुमचं 'सहीच्या आधीचा वेळ' वाचून मला आमच्या कचेरीतली एक संध्याकाळ आठवली. विभागाचं नाव घेत नाही.

कार्यालय सुटायच्या वेळेला एक फाईल वरून आली. आजच सही हवी, बाकीच्यांची मतं नंतर घेऊ, कार्योत्तर मंजुरीने भागवू. सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही 'कार्योत्तर' या शब्दाचं वजन वेगळं सांगायला नको. आमचे तेव्हाचे साहेब शांतपणे म्हणाले, "वाचून उद्या सकाळी देतो." एवढंच. रात्री घरी नेऊन वाचली. जमिनीचा जो गट क्रमांक आदेशात होता तो त्या गावचाच नव्हता. सकाळी शेरा लिहून फाईल परत गेली. साहेबांना ती फाईल नाकारायचा अधिकार नव्हता, निर्णय मंत्र्यांच्या पातळीवरचा होता. पण एका रात्रीने एका कुटुंबाची जमीन वाचली.

म्हणून विचारते, केंद्रातही अशी 'आजच सही हवी'वाली सोय आहे का?

काळाकोट

आहे, ताई. १९६१च्या कार्यनियमावलीतला नियम १२. दोन ओळींचा आहे. कोणत्याही प्रकरणात पंतप्रधान, त्यांना आवश्यक वाटेल तितपत, या नियमांपासून फारकत घ्यायला परवानगी देऊ शकतात किंवा झालेली फारकत क्षमापित करू शकतात. तुमच्या भाषेत कार्योत्तर.

जुनापेपर

आणि तो नियम कधी वापरला गेला ते सांगतो, कारण त्यातली एक रात्र मी विसरू शकत नाही.

२५ जून १९७५. इंदिरा गांधींनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना पत्र पाठवलं, अंतर्गत अस्वस्थतेच्या कारणाने आणीबाणी पुकारावी म्हणून. त्या पत्रात स्वच्छ लिहिलंय की हे मंत्रिमंडळापुढे नेलं असतं, पण आज रात्री ते शक्य नाही, म्हणून नियम १२ खालच्या अधिकारात कार्यनियमावलीपासून फारकत घेत आहे, उद्या सकाळी सर्वांत आधी मंत्रिमंडळाच्या कानावर घालीन. मध्यरात्रीच्या आत सही झाली. सकाळी सहाला मंत्रिमंडळ जमलं तेव्हा मंत्र्यांपुढे मान हलवण्याखेरीज काही उरलेलं नव्हतं.

मी तेव्हा शाळेत होतो. वडिलांचे एक मित्र पहाटे आमच्याकडे निरोप देऊन गेले आणि त्यानंतर एकोणीस महिने त्यांची गाठ पडली नाही. तुरुंगात होते. राष्ट्रपतींनी त्या रात्री फक्त एवढंच म्हटलं असतं की मंत्रिमंडळाचा ठराव घेऊन या, मी जागा आहे, तर काय झालं असतं? कदाचित सकाळी सही झालीच असती. पण एखादा मंत्री तरी खोलीत तोंड उघडता.

दुसरी रात्र मे २००५ची. बिहार विधानसभा, निवडणूक होऊन जेमतेम तीन महिने झालेले. राज्यपालांच्या अहवालावरून मंत्रिमंडळाची बैठक उशिरा रात्री झाली आणि विसर्जनाचा कागद फॅक्सने मॉस्कोला गेला. कलाम तिथे दौऱ्यावर होते. त्यांनी रात्रीच सही केली. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवलं. विधानसभा मात्र परत आली नाही, कारण नव्या निवडणुकांची तयारी पुढे गेली होती. कलाम यांच्या मनात तेव्हा राजीनाम्याचा विचार आला होता, हे त्यांनी नंतर सांगितलं.

तिसरी आपल्या घरची. २३ नोव्हेंबर २०१९. महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठवल्याची अधिसूचना पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी. मंत्रिमंडळाची बैठक नाही, नियम १२. आठच्या सुमाराला शपथविधी. ते सरकार चौथ्या दिवशी गेलं. कुठल्या पक्षाने काय करायला हवं होतं यात मी शिरत नाही, ताईंनी सुरुवातीलाच सांगितलंय. मी फक्त घड्याळाकडे बोट दाखवतोय.

काळाकोट

यात कायद्याची एक गोम आहे, ती सांगितलीच पाहिजे. १९७५चा अनुभव धरून ४४व्या दुरुस्तीने कलम ३५२मध्ये अट घातली: मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणीची उद्घोषणा करायची नाही. घटनेत बाकी सगळीकडे 'मंत्रिपरिषद' आहे, म्हणजे सगळे मंत्री; 'मंत्रिमंडळ', म्हणजे त्यातले वरिष्ठ मंत्री, हा शब्द फक्त याच एका जागी येतो. म्हणजे आणीबाणीपुरतं नियम १२चं दार घटनेनेच बंद केलं. कार्यनियमावली घटनेपेक्षा मोठी नाही.

पण कलम ३५६ला तशी अट नाही. राष्ट्रपती राजवट लावायला नाही, उठवायलाही नाही. अध्यादेशाच्या कलम १२३लाही नाही. एकाच दाराला कुलूप लावलं, बाजूची दोन उघडी राहिली. माझं स्पष्ट मत आहे की ३५२सारखी लेखी निर्णयाची अट ३५६लाही हवी.

मात्र घाई नेहमीच वाईट हेतूने होते असं समजू नका. १९ जुलै १९६९ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण अध्यादेशाने झालं. संसदेचं अधिवेशन अवघ्या दोन दिवसांवर होतं. झाकीर हुसेन यांचं मे महिन्यात निधन झालेलं, व्ही. व्ही. गिरी प्रभारी राष्ट्रपती, आणि त्यांनी सही केली ती स्वतः राजीनामा देण्याच्या आदल्या दिवशी. टीका भरपूर झाली. पण बातमी आधी फुटली असती तर ठेवी काढायला रांगा लागल्या असत्या, हेही खरं. गुप्तता हे कधी कधी खरोखर कारण असतं. न्यायालयाने तो कायदा पुढे फेब्रुवारी १९७०मध्ये रद्द केला तो नुकसानभरपाई आणि भेदभावाच्या मुद्द्यांवर.

माळरान

मी वेगळं मत मांडतो. तुम्ही सगळे वेळ म्हणजे जणू पुण्यच, अशा थाटात बोलताय. राष्ट्रपतींनी वेळ घेण्याची दुसरी बाजूही बघा.

१९८६चं टपाल दुरुस्ती विधेयक. सरकारला लोकांची पत्रं अडवून वाचायचा व्यापक अधिकार देणारं. झैलसिंग यांनी सहीही केली नाही, परतही पाठवलं नाही. कलम १११मध्ये मुदत नाही, त्यामुळे कागद पडून राहिला. वेंकटरामन यांनी १९९०मध्ये ते परत पाठवलं, आणि २००२मध्ये ते मागे घेतलं गेलं. झैलसिंगांच्या वेळी सरकारकडे चारशेहून अधिक खासदार होते, परत पाठवलं असतं तर आठवड्यात पुन्हा मंजूर झालं असतं. दाबून ठेवलं म्हणूनच थांबलं. विधेयक वाईट होतं म्हणून आपल्याला ते गोड वाटतं. उद्या चांगलं विधेयक कुणी असंच उशाखाली ठेवलं तर?

आणि दयेचे अर्ज. तिथे तर वेळ म्हणजे माणसाचा छळ. कलम ७२खालीही राष्ट्रपती गृह मंत्रालयाच्या सल्ल्यानेच वागतात, पण फाईल इथे पडली की तिथे, फाशीच्या कोठडीतल्या माणसाला काय फरक? वर्षामागून वर्ष दार वाजलं की पोटात गोळा. सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०१४ला शत्रुघ्न चौहान खटल्यात १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, त्यात मुख्य कारण अर्ज निकाली काढायला झालेला अवाजवी विलंब हेच होतं.

जुनापेपर

माळरान, मान्य. मी वेळाबद्दल बोललो ते निर्णयाआधी प्रश्न विचारण्याच्या वेळेबद्दल. फाईल दाबून ठेवणं म्हणजे प्रश्न विचारणं नव्हे, तिथे कागदावर काहीच उमटत नाही. नारायणन यांनी परत पाठवताना कारण दिलं होतं. टपाल विधेयकाच्या वेळी जनतेला कारण कळलंच नाही. फरक तिथे आहे. पण ते विधेयक थांबलं याचा मला आनंदच आहे, आणि या दोन गोष्टी माझ्या मनात नीट जुळत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगतो.

कोरी_पाटी

मुदतीचा मुद्दा तर आता न्यायालयातही जाऊन आला. ८ एप्रिल २०२५ला तमिळनाडूच्या राज्यपालांच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी राज्यपाल आणि राष्ट्रपती दोघांनाही विधेयकांसाठी मुदती घालून दिल्या. मे महिन्यात राष्ट्रपतींनी कलम १४३खाली सर्वोच्च न्यायालयाचंच मत मागवलं. २० नोव्हेंबरला पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की घटनेत नाही ती मुदत न्यायालय घालू शकत नाही, आणि मुदत उलटली म्हणून अनुमती मिळाली असं धरताही येणार नाही. मात्र कारण न देता दीर्घकाळ काहीच केलं नाही तर निर्णय घ्या एवढं न्यायालय सांगू शकतं.

माळरान

म्हणजे कागद दाबून ठेवल्याबद्दल विचारता येतं, पण कधी विचारायचं त्याला तारीख नाही. मला हे अपुरं वाटतं. घटनादुरुस्तीच्या विधेयकांना १९७१च्या २४व्या दुरुस्तीने सरळ 'अनुमती देतील' असं बांधलं. साध्या विधेयकांना परत पाठवायची मोकळीक जरूर ठेवा, पण मुदतीसह.

दूरदेशी

अमेरिकेत ती मुदत घटनेतच आहे. रविवार सोडून दहा दिवस. त्यात सही नाही, परतही नाही, तर विधेयक आपोआप कायदा. काँग्रेसचं अधिवेशन तेवढ्यात संपलं तर मात्र ते मरतं.

टाचणी

राष्ट्रपती पूर्णपणे स्वतःच्या बुद्धीने वागतात असा एकही प्रसंग नाही का?

जुनापेपर

आहे. लोकसभेत कुणालाच बहुमत नसेल तेव्हा सल्ला द्यायला मागे खंबीर मंत्रिपरिषदच नसते. १९७९मध्ये संजीव रेड्डींनी चरणसिंगांना बोलावलं, ते लोकसभेला सामोरे न जाताच राजीनामा देऊन मोकळे झाले, आणि जगजीवनराम सरकार बनवण्याचा दावा करत असताना रेड्डींनी त्याच चरणसिंगांच्या सल्ल्यावरून लोकसभा विसर्जित केली. लोक फार चिडले होते. पुढच्या राष्ट्रपतींनी एकेक पायरी बांधत नेली. वेंकटरामन यांनी १९८९मध्ये सर्वांत मोठ्या पक्षाला आधी विचारलं, शंकरदयाळ शर्मांनी १९९६मध्ये तोच नियम धरला आणि तेरा दिवसांचं सरकार आलं. नारायणन यांनी १९९८मध्ये पाठिंब्याची पत्रंच मागितली. लिहून ठेवलेला नियम आजही नाही.

टाचणी

भाचीला हा धागा वाचायला दिला. तिचा प्रश्न आता असा: राष्ट्रपती विचारोत न विचारोत, आपण विचारू शकतो का? सल्ला गोपनीय असतो ना?

काळाकोट

मंत्र्यांनी राष्ट्रपतींना काय सल्ला दिला, याची चौकशी न्यायालयाने करू नये असं कलम ७४मध्येच आहे. पण बोम्मई निकालाने सांगितलं की सल्ला झाकलेला असला तरी ज्या कागदांच्या आधारे निर्णय झाला ते कागद बघता येतात. बिहारच्या २००५च्या प्रकरणात तेच झालं.

आणि भाचीला डी. सी. वाधवा यांच्याबद्दल सांगा. पुण्याच्या गोखले संस्थेतले प्राध्यापक. प्रकरण राज्यपालांच्या अध्यादेशांचं आहे, पण कलम २१३ आणि १२३ ही जुळी भावंडं. अध्यादेश म्हणजे अधिवेशन नसताना काढायचा तात्पुरता कायदा, सभागृह पुन्हा जमल्यावर सहा आठवड्यांत तो संपतो. वाधवांनी बिहारची राजपत्रं काढून एकेक अध्यादेश मोजला. १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले होते, त्यातला एक तर जवळपास चौदा वर्षं. प्रत्येकाखाली राज्यपालांची सही, प्रत्येक वेळी 'तातडीची परिस्थिती आहे अशी खात्री पटल्यावरून'.

त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. बिहार सरकार म्हणालं, पुण्याच्या माणसाचा इथे काय संबंध? न्यायालयाने ते ऐकलं नाही. कायदा विधिमंडळानेच करावा असा आग्रह धरायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, असं म्हणून डिसेंबर १९८६मध्ये ही प्रथा म्हणजे घटनेशी लबाडी आहे असा निकाल दिला, आणि वाधवांना १०,००० रुपये खर्चापोटी देववले. २०१७मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने तेच आणखी घट्ट केलं.

टाचणी

चौदा वर्षं रोज 'तातडी'! आणि ती मोजली कुणी, तर राजपत्राची जुनी पानं उलटणाऱ्या एका प्राध्यापकांनी. राजपत्रं आमच्याकडेही गठ्ठ्यांनी यायची. लाल फीत सोडून ती कपाटात लावायचं काम माझ्याकडे होतं, एकही वाचलं नाही याचं आज वाईट वाटतंय.

आता ती संगणकावर मिळतात असं भाची म्हणते. कालपासून आम्ही दोघी बसलोय. आधी तिच्या स्वतःच्या मंत्रालयाचे या वर्षीचे आदेश, मग अध्यादेश. वहीत तीन रकाने आखलेत: तारीख, विषय, खाली सही कुणाची. कुणाला सोबत बसायचं असेल तर इथेच कळवा, महिने वाटून घेऊ.

कोरी_पाटी

ताई, जानेवारी आणि फेब्रुवारी माझे.